मालेगावचा सिनेमा आणि आमचे न बोललेले

११ ऑक्टोबर २००२ रोजी शुक्रवार होता. अमेरिकेतल्या जेरी फॉलवेल नावाच्या पाद्र्याने दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत हजरत पैगंबरांबद्दल अत्यंत हीन शब्द वापरले होते. त्याच्या निषेधासाठी सोलापुरात बंद पुकारला गेला. बंदची दंगल झाली आणि दंगलीपाठोपाठ कर्फ्यू आला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, सातवीत. अमेरिकेचा नकाशाही मला धड काढता येत नव्हता, पण तिथल्या कुणाच्या जिभेमुळे आमच्या गल्लीचे दार बंद झाले, एवढे कळत होते.

त्या दिवसांतले मला काय आठवते? अब्बांनी दाराला आतून लाकडी कपाट लावले होते. शेजारच्या घरात व्हीसीडी प्लेयर होता आणि एका विनोदी हिंदी सिनेमाची तबकडी होती. मधल्या भिंतीवरून उड्या मारून आम्ही पोरे तिकडे जायचो आणि तोच सिनेमा पुन:पुन्हा पाहायचो. मोठी माणसेही येऊन बसत आणि आमच्यापेक्षा जास्त हसत. त्या सिनेमाचे संवाद मला आजही पाठ आहेत. बाहेर काय जळत होते ते मात्र आठवत नाही. घरात नंतर त्या दिवसांचा विषय कुणी काढला नाही. अम्मीला एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "जाने दे बेटा, हो गया सो हो गया." गेली तेवीस वर्षे आमच्या घरातला त्या दंगलीचा इतिहास एवढ्या एका वाक्यात आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. पुस्तकातला इतिहास शिकवताना घरातला हा न बोललेला इतिहास मध्येच आठवतो. माणसे आपल्यावर आलेले संकट बोलून दाखवत नाहीत, मग ते जाते कुठे? बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात विरेचन, उदात्तीकरण, दमन अशी प्रकरणे होती. परीक्षेपुरती पाठ केली. त्यांचा खरा अर्थ मला एका गावाच्या सिनेमाने शिकवला. ते गाव मालेगाव.

मालेगावकडे वळण्याआधी सोलापूरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या माणसाचे दु:ख पडद्यावर पाहण्याचा अनुभव या शहराने फार लवकर घेतला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१०चा, सोलापूरचा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथक गेले, त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. मुख्य भूमिका स्वत: शांतारामांनी केली. लेकाच्या मृत्यूला चार वर्षे होतात न होतात तोच तो मृत्यू देशभरच्या टॉकीजमध्ये पोहोचला. एका घराचे रडणे राष्ट्राच्या अभिमानात मिसळून गेले. यात वाईट काही नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या देशाला अशा कहाणीची गरज होती. पण ज्या घरातून तो तरुण गेला त्या घराला सिनेमाने काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, हा प्रश्न कोटणीसांच्या घराजवळून जाताना माझ्या मनात येतोच.

आता मालेगाव. माझी खाला तिथे दिली आहे. कर्फ्यूनंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे २००३मध्ये, अम्मी मला घेऊन तिच्याकडे गेली. सोलापूरच्या पोराला मालेगाव परके वाटत नाही. कान तेच असतात आणि आवाजही तोच, खटक-खटक, रात्रंदिवस. आमच्याकडे चादर आणि टॉवेल निघतो, तिकडे साडी आणि कोरे कापड. आमचे विणकर मुख्यत: तेलंगणातून आलेले पद्मशाली, त्यांच्या जोडीला मोमीन. तिकडचे बहुतेक मोमीन अन्सारी असून त्यांचे पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून आलेले. १८५७च्या उठावानंतर उत्तरेत जी धरपकड आणि वाताहत झाली तिच्यातून सुटलेली विणकर कुटुंबे दक्षिणेची वाट धरून मालेगाव-भिवंडीपर्यंत पोहोचली, हा इतिहास तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो. म्हणजे हे गाव वसले तेच एका आघातातून. दोन्ही गावांना फाशीची आठवणही आहे. सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९२१च्या खिलाफत आंदोलनात मालेगाव पेटले होते, आणि तिथल्याही काही जणांना फाशी झाली. सोलापूरच्या हुतात्म्यांचे पुतळे भर चौकात उभे आहेत. मालेगावच्या त्या माणसांची नावे मालेगावाबाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत.

मालेगावात मौसम नदी आहे. तिच्या एका बाजूला मुसलमान वस्ती, दुसऱ्या बाजूला हिंदू वस्ती, अशी विभागणी ढोबळ मानाने सांगतात. इकडचे पोर तिकडे कारणाशिवाय जात नाही. शुक्रवारी माग बंद असतात. जुम्म्याची नमाज झाली की दुपार मोकळी, आणि मोकळ्या दुपारी मागवाला सिनेमाला जातो. आठवड्याचे सहा दिवस दहा-बारा तास कापसाची धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज सोसलेल्या माणसासाठी तो एक दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचे नाही. माझ्या खालूंना जवळचे बोललेले ऐकू येत नसे, पण सिनेमातला संवाद त्यांचा कधी चुकत नसे.

त्या शुक्रवारी खालूंनी आम्हा पोरांना एका व्हिडिओ हॉलमध्ये नेले. जमिनीवर दाटीवाटीने बसलेली माणसे आणि समोर टीव्ही. सिनेमा होता 'मालेगाव के शोले'. खरा 'शोले' मी पाहिला होता. हा वेगळा. यात डाकू घोड्यावरून येत नव्हते, सायकलवरून येत होते. हॉल हसून हसून लोळत होता. मलाही हसू आवरेना. पडद्यावरची गल्ली बाहेरच्या गल्लीसारखीच होती, कारण ती बाहेरचीच होती. शेजारचा माणूस मध्येच ओरडला, "अरे, ये तो अपना वो है!" आणि खरोखरच पडद्यावरचा एक डाकू दोन रांगा पुढे बसून स्वत:ला पाहत होता.

हा सिनेमा शेख नासिर यांचा. त्यांचा गावात व्हिडिओ पार्लरचा धंदा होता. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांचे जुने मूकपट, ब्रूस लीची मारामारी, अशी दृश्ये जोडून ते गिऱ्हाइकांना दाखवत. असे तुकडे जोडता जोडता संकलन आपोआप शिकून झाले. कुठली फिल्म इन्स्टिट्यूट नाही, कुणी उस्ताद नाही. साधारण पन्नास हजार रुपयांत आणि एका साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर २०००मध्ये त्यांनी 'शोले'ची नक्कल काढली. कॅमेरा फिरवायला ट्रॉली नव्हती, तेव्हा सायकल वापरली. उंचावरून दृश्य घ्यायला क्रेन नव्हती, तेव्हा बैलगाडी उभी केली. नट म्हणजे मागवाले, दुकानदार, मित्र. गावातल्या घरांतून बाया पडद्यावर येणे शक्यच नव्हते, त्यामुळे नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. सिनेमा गावात जोरात चालला. मग 'मालेगाव की शान' आला आणि पुढे असेच बरेच काही. लिहिणारे फरोग जाफरी, खलनायक आणि इतर चार कामे करणारे अक्रम खान, असा एक कंपूच तयार झाला.

आता तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. 'मालेगाव के शोले' २०००चा. २६ ऑक्टोबर २००१ रोजी, शुक्रवारीच, नमाजनंतर अमेरिकी मालावर बहिष्कार घालण्याची पत्रके वाटण्यावरून मालेगावात दंगल उसळली आणि पोलीस गोळीबारात माणसे गेली. ८ सप्टेंबर २००६, पुन्हा शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. जुम्म्याची नमाज संपून लोक बडा कब्रस्तानात आपल्या मुर्द्यांसाठी दुआ करत असताना बॉम्ब फुटले. तिशीहून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुले होती, सणाच्या खैरातीसाठी आलेले भिकारी होते. २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानमध्ये, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. २००६च्या स्फोटाबद्दल पकडले गेले ते नऊ मुसलमान तरुण. म्हणजे मेलेले आमचे आणि आरोपीही आमचेच. त्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केले २०१६मध्ये, आणि तो निकाल ऐकायला त्यांतला एक जण जिवंत नव्हता. २००८च्या खटल्यातल्या सातही आरोपींची विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता केली. मग भिक्कू चौकात माणसे मारली कुणी, या प्रश्नाला आज कागदावर उत्तर नाही.

या तारखांच्या मधोमध मालेगावात काय चालले होते? 'मालेगाव का सुपरमॅन'चे शूटिंग. फैजा अहमद खान यांनी ते सगळे टिपून 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८मध्ये पुरा केला आणि २०१२मध्ये तो थिएटरात लागला. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, मागावर काम करणारा सडपातळ पोरगा. उडण्याचे दृश्य घेण्यासाठी त्याला हिरव्या कापडासमोर आडवा लटकवतात. मध्येच एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. शूटिंगच्या धांदलीतच शफीकचे लग्न होते. या सुपरमॅनचा दुश्मन कोण? तंबाखू-गुटख्याचा धंदा करणारा, घाणीवर प्रेम करणारा एक शेठ. दहशतवादी नाही, पोलीस नाही, दुसऱ्या धर्माचा माणूसही नाही. कब्रस्तानात बॉम्ब फुटल्यानंतरच्या मालेगावने आपल्या सर्वशक्तिमान नायकाला पाठवले ते गुटख्याशी लढायला.

मला पूर्वी याचा राग यायचा. महाविद्यालयात असताना मी आमच्या एका मित्रमंडळात तावातावाने म्हणालो होतो की, हा पळपुटेपणा आहे. गावात प्रेते पडली आणि हे लोक चड्डी घालून उडतात! ज्या सिनेमांनी मालेगावचे नाव झाले त्यात ना २००१ आहे, ना २००६. माझे म्हणणे असे होते की, कॅमेरा हातात आल्यावर पहिल्यांदा जखम दाखवायला हवी. सईद अख्तर मिर्झा यांनी तेच केले नाही का? बाबरी मशीद पडल्यानंतर तीन वर्षांत त्यांनी 'नसीम' काढला. मुंबईतल्या एका घरातला पलंगाला खिळलेला आजोबा आणि शाळकरी नात. आजोबा झाले होते कैफी आझमी. घरात आजोबांच्या जुन्या आठवणी आणि टीव्हीवर अयोध्या, आणि ६ डिसेंबरला आजोबा डोळे मिटतो. त्यापेक्षा जास्त काही दाखवायची गरजच पडत नाही. पण हेही खरे की 'नसीम'नंतर मिर्झांनी बरीच वर्षे कथापट केलाच नाही. जखम दाखवणाऱ्याला ती दाखवून बरे वाटतेच असे नाही.

माझे मत बदलले ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका सिनेमाने. करमाळा तालुक्यातले जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव, पुण्याच्या गाडीतून जाताना लागते. वडार समाजात वाढलेल्या या माणसाने आधी कविता लिहिल्या, मग 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. त्यातला जब्या कैकाडी घरातला, डुकरे पकडणाऱ्यांचा. या गोष्टीत आपले बालपण आहे हे मंजुळेंनी लपवलेले नाही. जब्याचे काम करणारा सोमनाथ अवघडे त्याच भागातला, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग शाळेजवळ घडतो. सगळी शाळा मजा पाहायला जमते. जब्याला जिच्यासमोर मान खाली घालायची नाही ती मुलगीही तिथेच असते. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्याचे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. डुक्कर निघून जाते. शेवटी ते सापडते, तेव्हा त्याला काठीला बांधून बापलेक ज्या भिंतीवरून नेतात त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे आहेत. मी हे पाहिले तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो. मंजुळेंनी मला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे केले असे वाटले. वर्गात फिदीफिदी हसणारी मुले माझीच असतात. त्यांना गप्प करतो आणि धडा पुढे नेतो तो मीच असतो. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो तो सरळ आपल्याकडे, प्रेक्षकाकडे. थिएटरात माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने खरोखर मान बाजूला केली.

जब्याला सर्वांत जास्त लागते ते काय? डुक्कर पकडावे लागणे हे तर आहेच, पण चारचौघांनी ते पाहणे हे त्याहून मोठे. टिंगल करणारी पोरे, कट्ट्यावरची माणसे, पाहणाऱ्या त्या नजरा. जखमेपेक्षा जखमेचा तमाशा होणे अधिक दुखते. मंजुळे तो तमाशा पुन्हा मांडू शकतात, कारण तो त्यांचा आहे आणि त्यांनी स्वत: ठरवून मांडला आहे. कॅमेरा जब्याच्या बाजूने उभा आहे. मालेगावच्या मागवाल्याने ठरवले की, आपला तमाशा मांडायचा तर हसण्याचा मांडू. स्फोटानंतर किती कॅमेरे त्या गावात आले असतील! साऱ्यांना रडणारी बाई हवी, रक्ताची चप्पल हवी. त्यानंतर त्याच गावातला एक पोरगा पडद्यावर आडवा होऊन उडतो आणि हजार माणसे त्याला पाहून हसतात, तेव्हा ते म्हणत असतात की आमचा चेहरा कसा दिसावा हे आज आम्ही ठरवणार. याला मी आता पळपुटेपणा म्हणत नाही. कर्फ्यूत भिंतीवरून उड्या मारून आम्ही पाहत होतो तो विनोदी सिनेमाही मला आता वेगळा दिसतो.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा सुटला आहे? कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने लाखो माणसे मारली. रिथी पान हा मुलगा त्यातून वाचला, आईवडील गेले. पुढे तो दिग्दर्शक झाला. २०१३च्या 'द मिसिंग पिक्चर'मध्ये त्याने आपल्या घराची कहाणी मातीच्या बाहुल्या करून सांगितली, कारण त्या दिवसांची चित्रे उरलीच नव्हती. उरली होती ती राज्यकर्त्यांनी काढलेली प्रचाराची दृश्ये. याउलट क्लोद लांझमानच्या 'शोआ' या साडेनऊ तासांच्या माहितीपटात एक वृद्ध न्हावी आहे. छळछावणीत गॅसच्या कोठडीत जाणाऱ्या बायकांचे केस त्याला कापावे लागले होते. सांगता सांगता तो थांबतो आणि पुढे सांगू नये म्हणून विनवतो. लांझमान कॅमेरा बंद करत नाही, त्याला बोलायला लावतो. जगाला ती साक्ष मिळाली. त्या न्हाव्याला काय मिळाले? यावर विद्वानांत आजही एकमत नाही आणि माझेही माझ्याशी नाही.

मालेगावची जखम पडद्यावर आलीच नाही असे नाही, ती आडवाटेने आली. २००६च्या खटल्यातल्या आरोपींची बाजू लढणाऱ्या वकिलांत शाहिद आझमी होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी मुंबईत त्यांच्या कार्यालयातच त्यांचा खून झाला. हंसल मेहता यांचा 'शाहिद' २०१३मध्ये थिएटरात आला. शाहिद यांच्याच अशिलांपैकी एक अब्दुल वाहिद शेख, मुंबईतले शिक्षक. २००६च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५मध्ये ते निर्दोष सुटले. तुरुंगात असतानाच त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक उर्दूत लिहिले. त्यांच्या आयुष्यावर सुदर्शन गमरे या मराठी तरुणाने 'हिमोलिंफ' हा सिनेमा २०२२मध्ये केला. वाहिद सर सुटल्यावर पुन्हा वर्गात उभे राहिले, ही गोष्ट मला त्या सिनेमापेक्षाही मोठी वाटते. माझ्यासारखाच खडू, माझ्यासारखीच पोरे. त्यांच्या सिनेमात छळाची दृश्ये आहेत आणि ती पाहवत नाहीत. पण तिथे ज्याचे दु:ख त्याचीच संमती आहे, किंबहुना आग्रह आहे.

संमती हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तो मी फार उशिरा शिकलो आणि माझ्याच चुकीतून शिकलो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या उन्हाळ्यात, सोलापुरात घराघरांत माणसे गेली. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील गेले होते. ते यंत्रमागावर कामाला होते. मुलगा आधी बडबड्या, आता हजेरीलाही हात वर करायचा, तोंडाने बोलायचा नाही. मी मुलांना एक उपक्रम दिला, मोबाइलवर तीन मिनिटांचा सिनेमा करा, विषय 'माझे घर'. कुणी मांजर दाखवली, कुणी दादीचे पानदान. या मुलाने बंद पडलेला माग दाखवला. आधी अर्धवट विणलेले कापड, मग धोटा, मग खिळ्याला अडकवलेला वडिलांचा सदरा. आवाज काहीच नाही. शेवटी त्याचा हात येतो, धोटा उचलतो आणि पुन्हा होता तिथे ठेवतो. वर्गात दाखवला तेव्हा पोरे चिडीचूप झाली. एक जण उठून त्याच्या बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी हजेरीला तो "हाजिर" म्हणाला. बी.एड.चा सगळा अभ्यास त्या एका शब्दात फळाला आला असे मला वाटले.

तिथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण स्नेहसंमेलन जवळ आले होते, पाहुणे येणार होते आणि मला माझा उपक्रम मिरवायचा होता. मी तो तीन मिनिटांचा सिनेमा मोठ्या पडद्यावर लावला. मुलाला विचारले नाही. त्याच्या अम्मीला तर त्याने असे काही केले आहे हेही माहीत नव्हते. ती बायकांच्या बाजूला बसली होती. पडद्यावर सदरा आला तेव्हा मागून हुंदका ऐकू आला आणि मुलगा उठून सभागृहाबाहेर गेला. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. नंतर फाटकापाशी त्याची अम्मी थांबली होती. ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, "सर, हमारा रोना घर का था. आपने सबको दिखा दिया." मुलगा आठवडाभर आला नाही. आला तेव्हा हजेरीला पुन्हा हात वर करू लागला.

२०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लागला. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची. मी पाहायला गेलो तेव्हा हा मुलगा थिएटराच्या पायऱ्यांवर भेटला. आता मोठा झाला आहे, मिसरूड फुटली आहे, एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिकतो. आम्ही शेजारी बसलो. इतिहासाच्या शिक्षकाला त्या सिनेमात एक गोष्ट खटकते. खरा शफीक सुपरमॅन झाला तो आधी, तोंडाच्या कॅन्सरने गेला तो नंतर, २०११मध्ये. सिनेमात आजार आधी येतो आणि मरणाऱ्या मित्रासाठी दोस्त सुपरमॅन काढतात. त्यामुळे ज्या हसण्याला काही कारण नव्हते त्याला कारण दिले जाते. मला ते हसणे कारणाशिवायच आवडले होते. मी हे मध्यंतरात त्याला सांगू लागलो. त्याने समोसा खाता खाता ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, दोस्त के लिए बनाया ना. आगे-पीछे क्या फरक पड़ता?"

बाहेर पडल्यावर मी त्याला विचारले की, तुझा तो सिनेमा माझ्या पेनड्राइव्हवर अजून आहे, पुसून टाकू का? तो थोडा वेळ गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "रहने दो. मगर किसी को दिखाना मत." हा लेख लिहिण्याआधी मी त्याला पुन्हा फोन केला. लिहू का, असे विचारले. नाव घालू नका म्हणाला, आणि अम्मीला वाचून दाखवायचे आहे, तेव्हा अंक आला की एक प्रत ठेवा.